रॉकेलच्या प्लास्टिकच्या पिशव्या

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा माझं बोईसरला किराण्याचं दुकान होतं. पण खरी कमाई किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्याची. तिथल्या सगळ्या होड्यांचा शिधा नि रॉकेल माझ्याकडून जायचं. हे गिऱ्हाईक मी तीन वर्षं भांडून, पायपीट करून मिळवलं होतं.

रॉकेलचे पत्र्याचे डबे खाऱ्या हवेत गंजायचे. तेवढ्यात मुंबईत प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. तिथल्या एका पिशवीवाल्याने दोन जाडीच्या दाखवल्या. मी घासाघीस करून पातळ घेतली. घरी येऊन एक पिशवी पाण्याने भरून दोन दिवस खुंटीला टांगली. खाली थेंब नाही. मी खूश! मग बाकीच्या पिशव्या रॉकेलने भरल्या, तोंडं मेणबत्तीवर वितळवून बंद केली आणि होड्यांवर पाठवल्या. होड्या चालवणाऱ्या तांडेलांनी त्या तांदळाच्या पेटीत ठेवल्या, कारण कोरडी जागा तेवढीच.

चौथ्या दिवशी एक तांडेल दुकानात येऊन ओरडला, "शेट, तांदळात रॉकेल ओतलंस? दोन दिवस आमी उपाशी!" पिशवी त्याच्या हातातच होती. फुटलेली नव्हती, गाठही नव्हती की सुटावी. पण बाहेरून बोट लावलं की तेलकट. कोळीवाड्यात बोलणं सुरू झालं, शेट भेसळ करतो.

मी तडक मुंबई गाठली. पिशवीवाला पान खात हसला. "पाणी भरून बघितलंत, रॉकेल भरून बघितलंत का? प्लास्टिक म्हणजे पत्रा नव्हे शेटजी. पाण्याला ते जवळ करत नाही. रॉकेल मात्र त्यात मुरतं, मुरत मुरत पलीकडे निघतं. त्याला भोक लागत नाही."

"मग विकताना का नाही सांगितलंस?"

"तुम्ही भाव सोडून काही विचारलंत? जाड घेतली असतीत तर जरा उशिरा निघालं असतं, एवढंच."

असली विद्वत्ता माल खपल्यावरच सुचते या लोकांना. मी त्याच्या तोंडावर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण घसा फोडून माझं नाव धुतलं जाणार नव्हतं.

त्या तांडेलाच्या आईचा शब्द कोळीवाड्यात शेवटचा. तिच्या ओट्यावर मी दोन मडकी तांदूळ ठेवले. एकात पाण्याची पिशवी खुपसली, दुसऱ्यात रॉकेलची, दोन्ही बाहेरून पुसून. मडकी तिने स्वतः झाकली आणि घरात नेली. दोन दिवसांनी सगळ्यांसमोर झाकणं काढली. पहिल्याचा वास घेतला, काही नाही. दुसऱ्याला नाक लावलं आणि मान मागे घेतली. पिशवी उचलून उन्हात धरली, फिरवून पाहिली. भोक नव्हतं.

"भेसळ नाय केलीस," ती म्हणाली. "हे आमी वाड्यात सांगू."

मी म्हटलं, "मग उद्यापासून डब्यात देतो. भावही उतरवतो."

"नको. ज्या वस्तूचं तुला ठाऊक नाय, ती आमच्या भाताशेजारी ठेवलीस. सफाळ्याच्या दुकानदाराशी बोलणं झालंय."

मी आणखी दोन पैसे खाली आलो. आयुष्यभर घासाघीस करणारी ती बाई, त्या दिवशी तिने भाव ऐकूनही घेतला नाही. मडक्यातला वासाचा तांदूळ कोंबड्यांसमोर ओतला आणि आत गेली. कोंबड्यांनीसुद्धा तो खाल्ला नाही.