एका हाताची खुर्ची

मंदाकाकू कुणाच्याही घरी गेल्या, की खुर्ची उलटी करून पाहिल्याशिवाय तिच्यात बसत नसत. माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते, त्या दिवशीसुद्धा त्यांनी हेच केलं. शेजारच्या म्हणून वडिलांनी त्यांना बोलावलं होतं. मुलाकडची मंडळी पोह्यांच्या बशा हातात धरून अवघडून बसलेली, आणि काकूंनी आल्या आल्या आमची नवी कोरी खुर्ची सगळ्यांसमक्ष आडवी केली. तिच्या पोटाखालून बोट फिरवलं आणि वडिलांना म्हणाल्या, "भावोजी, फसवलान तुम्हाला. वरनं साग हाय, आतनं आंबा." मग त्याच खुर्चीत ऐसपैस बसून त्यांनी दोनदा पोहे मागून घेतले. लग्न ठरलं, पण जाताना मुलाच्या वडिलांनी आमचं बाकीचं फर्निचरही निरखून पाहिलं, असं आईचं अजून म्हणणं आहे.

रत्नागिरीत नाचणे गावाच्या रस्त्याला काकूंची लाकडाची वखार होती. नवरा अकाली गेला, तेव्हा मुलगा मिलिंद शाळेत होता. दिरांनी वखार विकायचा सल्ला दिला. काकूंनी सल्ला देणाऱ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः करवतीवर उभ्या राहिल्या. करवतीच्या आवाजात बोलून बोलून त्यांचा आवाज असा चढला होता, की त्या कानात कुजबुजल्या तरी पलीकडच्या गल्लीत कळायचं. वखारीच्या दाराशी सासऱ्यांच्या वेळची सागाची आरामखुर्ची होती, लांबलचक हातांची. डाव्या हाताला पाण्याचा तांब्या ठेवण्यासाठी गोल खड्डा कोरलेला. उजव्या हातावर काकूंचा हात असायचा. आम्हाला आठवतं तसं त्यांना तिथेच बसलेलं पाहिलंय, केसांत भुसा घेऊन.

त्यांचा एक नियम होता. ताजं कापलेलं लाकूड त्या कुणाला देत नसत. "त्याला एक पावसाळा खाऊ दे," म्हणायच्या. गिऱ्हाईक अडून बसलं, तर त्याला सरळ दुसऱ्या वखारीचा पत्ता सांगायच्या. "झाड तोडलं म्हणजे मेलं असं समजू नको. ते अजून हलतंय. त्याचं हलून होऊ दे, मग ने."

मिलिंद आणि मी एका ऑर्केस्ट्रात वाजवायचो. मी दिवसा जिल्हा परिषदेत कारकून आणि संध्याकाळी कीबोर्डवाला, दोन्हीकडे साधारण. मिलिंद मात्र गिटार वाजवायला लागला की पुढच्या रांगेतली गणपतीची वर्गणी मागणारी मंडळीसुद्धा गप्प व्हायची. त्याची इलेक्ट्रिक गिटार मुंबईहून जुनी आणलेली होती आणि आमच्या हवेने तिची नेक पिळवटली होती. नेक म्हणजे गिटारचा तो लांब दांडा, ज्याच्यावर डाव्या हाताची बोटं फिरतात. सहा तारा मिळून तिला सतत पुढे ओढत असतात, तांदळाचं पोतं टांगल्यासारखं. ती केसभर हलली, तरी तारा नेकवरच्या आडव्या पट्ट्यांवर घासून खरखरतात.

नव्याण्णव साली चिपळूणच्या कार्यक्रमात मुंबईच्या एका मोठ्या वाद्यवृंदाच्या मालकांनी मिलिंदला ऐकलं. "नारळी पौर्णिमा झाली की ये. माझ्या माणसांसमोर वाजव. जमलं तर कायमचा आमच्याबरोबर," ते म्हणाले. जाताना त्याच्या नेककडे बोट दाखवून म्हणाले, "पण हे असलं लाकूड घेऊन येऊ नकोस."

मिलिंदने ती नेक आईसमोर ठेवली. काकूंनी बंदूक रोखावी तशी ती डोळ्याला लावली आणि एक डोळा मिटून तिच्या कडेवरून पाहिलं. त्या तिला दांडीच म्हणायच्या.

"रेषा बघ दांडीच्या. तिरक्या बाहेर पडतायत. पिळणारच. कापणाऱ्याने नुसती फळी बघितलान, झाड बघितलान नाय."

"मग तू करून दे," मिलिंद म्हणाला.

मी तिथेच होतो. काकू नेकच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या. एकुलता एक मुलगा गेला, तर या वखारीत उद्या कोण बसणार, हे सगळ्या आळीला कळत होतं, तर त्यांना कळत नव्हतं असं कसं म्हणू? शेवटी त्या उठल्या आणि माघात तोडलेल्या शिवणीच्या झाडाची एक फळी ओढून काढली. तिच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ होत्या.

मे महिनाभर मायलेक त्या फळीवर वाकलेले असायचे. ती सांगणार, तो रंधा मारणार. नेकच्या पोटात खाच पाडून जुन्या नेकमधली पोलादी सळी बसवली. तारांनी नेक पुढे वाकली की ही सळी आवळून तिला मागे ओढायची असते. वर शिसवीची पातळ पट्टी डकवली आणि तिच्यावर मुंबईहून आणलेल्या तारेच्या आडव्या पट्ट्या ठोकल्या. मागची गोलाई मिलिंदने कानशीने घासली. काम देखणं झालं. आता गिटारला जोडायची, एवढंच बाकी. तेव्हा काकूंनी ती नेक उचलली आणि स्वयंपाकघरात चुलीवरच्या माळ्याला टांगली.

"दसऱ्याला काढू."

"आई, मला नारळी पौर्णिमेनंतर बोलावलंय!"

"लाकडाला तुझी नारळी पौर्णिमा कळत नाय. पावसाळा खाल्लान नाय अजून."

त्या घरात आषाढ फार वाईट गेला. बाहेर पावसाची धार आणि आत दोघं एकमेकांशी फक्त जेवणापुरतं बोलत होते. मी गेलो की काकू माझ्याशी मुद्दाम मोठ्याने बोलायच्या आणि मिलिंद मुद्दाम ऐकायचा नाही. एकदा चहाच्या टपरीवर तो मला म्हणाला, "सुधीर, नियम बियम काही नाही. आईला मी जायला नकोय, म्हणून टांगून ठेवलीय." मी म्हटलं, "छे, काहीतरीच काय!" पण माझाही संशय तोच होता.

आणि एका दुपारी काकू वखारीत असताना त्याने नेक खाली उतरवली, गिटारला जोडली आणि तारा चढवल्या. सुरुवातीला ती अशी बोलली, की मीच त्याला म्हटलं, झालं तुझं काम. मग एका सकाळी खालच्या तारा खरखरू लागल्या. मिलिंदने सळी आवळली. काही उपयोग झाला नाही. वाकलेली नेक सळीने सरळ होते, पिळलेली होत नाही. कच्ची शिवण ओली हवा पिऊन पिळली होती.

तो तसाच वखारीत गेला. मी मागोमाग. त्याने गिटार आईच्या पायाशी भुशात ठेवली.

"घे. झालं ना तुझ्या मनासारखं?"

करवतीवरची माणसं थांबली. काकूंनी वाकून गिटार उचलली, डोळ्याला लावली, पाहिली आणि पुन्हा जपून खाली ठेवली. आता या तोंड सोडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी नुसता पदराने तिच्यावरचा भुसा पुसला. मला त्याचीच जास्त भीती वाटली. मिलिंद भिजत निघून गेला. मुंबईला जायची तारीख तोंडावर आली होती, आणि सुकलेलं लाकूड म्हणून वखारीत होते ते घरबांधणीचे वासे आणि जाड ओंडके. ज्याच्या रेषा सरळ असतील असं त्यात काही नव्हतं. काकूंनी ते सगळं उलथून पाहिलं होतं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर करवत बंद, माणसांना सुट्टी दिलेली, आणि वखारीच्या मध्यावर ती आरामखुर्ची उलटी पडलेली. काकू जमिनीवर बसून तिच्या उजव्या हाताच्या खुंट्या काढत होत्या.

"काकू, अहो हे काय करताय?"

"डाव्याला खड्डा हाय. हाच चालेल. सासऱ्यांच्या वेळेपासनं पावसाळे खाल्लेत ह्याने, आता काय हलायचा नाय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण काकू, तो जायला तुम्हाला नकोय ना?"

त्यांनी हातोडी खाली ठेवली. डोळे भरले होते, पण आवाज वखारीचाच होता. "नकोच हाय. कोणत्या आईला हवं असेल? पण म्हणून माझ्या हातनं वाकडी दांडी जाईल काय? बोलव त्याला."

मिलिंद आला. खुर्ची पाहून दारातच थांबला. "आई, नको. ही आजोबांची..."

"गप. हिकडे ये आणि धर."

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. खुर्चीचा हा हात डुगडुगतो म्हणून सासऱ्यांनी त्यात कधीतरी खिळा मारला होता. त्याचं डोकं लाकडात बुडवून वर लुकण भरून जागा बुजवलेली. कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. करवतीचं पातं त्याच्यावर गेलं, तर लाकूड फुटणार आणि पात्याचा तुकडा कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. काकू त्या हातावर अंगठा फिरवत राहिल्या, पण म्हाताऱ्याने काम चोख केलं होतं. मिलिंदला काय सुचलं कोण जाणे, तो घरी पळाला आणि आमच्या ऑर्केस्ट्राच्या उडालेल्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन आला. दोऱ्याला बांधून ते त्याने लाकडावरून हळूहळू सरकवलं. आम्ही तिघं त्या दोऱ्याकडे बघत होतो. पत्र्यावर पाऊस नुसता बडवत होता. कोपर टेकतं त्या जागेपाशी चुंबक एकदम लाकडाला चिकटलं.

काकूंनी तिथे खडूने फुली मारली. फुलीपासून पुढच्या टोकापर्यंत मिलिंदने जुनी नेक ठेवून पाहिली. ती जेमतेम बसली. बोटभरही जास्त नव्हतं.

करवत काकूंनीच चालवली. वीज तेवढ्यात एकदा डोळा मारून गेली, पातं मंदावलं, लाकडात अडकतं की काय असं झालं. काकूंनी लाकूड मागे घेतलं नाही, पुढे रेटलं नाही, जागच्या जागी धरून ठेवलं. मिलिंद समोरून दुसरं टोक धरून होता. वीज आली, पातं पुन्हा पळायला लागलं आणि तो तुकडा सुटून मिलिंदच्या हातात पडला. त्यावर आईच्या तळहाताने आलेली चकाकी अजून होती. मिलिंद तिथेच रडला. काकू म्हणाल्या, "रड नंतर. सागाला तेल असतं, सरस धरणार नाय. आधी थिनरने पूस."

त्या तुकड्याची नवी नेक तयार झाली. या वेळी तारा चढवल्यावर गिटार काकूंनी आपल्या खाटेशी ठेवून घेतली. रोज उठल्या उठल्या चूळ भरायच्या आधी तिला डोळ्याला लावायच्या. मिलिंद उंबऱ्यावर उभा राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा. "सरळ हाय," एवढंच म्हणायच्या. जायच्या दिवसापर्यंत ती सरळच राहिली. स्टेशनवर त्या आल्या नाहीत. मिलिंदला निवडलं, असा फोन आमच्याकडे आला. मी निरोप सांगायला धावलो, तर काकू एका हाताच्या खुर्चीत बसल्या होत्या. सवयीने त्यांचा उजवा हात टेकायला गेला आणि खाली पडला. "बरं झालं," म्हणाल्या.

पुढची काही वर्षं मिलिंद गावोगाव आणि परदेशी फिरला. काकूंनी त्याचा एकही कार्यक्रम पाहिला नाही. "त्यातलं मला काय कळतंय?" पण तो मे महिन्यात घरी आला, की त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी गिटार मागून घ्यायच्या. नेकच्या कडेवरून अंगठा फिरवायच्या. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि पट्ट्यांची टोकं बाहेर येऊन बोटाला टोचतात. "वाळवंटात होतास काय रे? तिकडे पाणी नीट मिळतं?" असं त्या विचारायच्या. तो दुबईहून आलेला असायचा. खुर्चीला नवा हात बसवून देतो, असं तो दर वेळी म्हणायचा. "कशाला? तुझं काय अडलंय त्यावाचून?" म्हणून काकू त्याला उडवून लावायच्या.

मग त्या आजारी पडल्या. त्या साली जूनच्या सुरुवातीलाच मिलिंद सगळं टाकून आला. काकू बहुतेक वेळ ग्लानीत असायच्या. कधी डोळे उघडले, तर त्याला ओळखायच्या, पुन्हा विसरायच्या, आणि आम्हालाच विचारायच्या, "मिलिंद कुठल्या गावाला हाय?" तो समोर बसलेला असायचा. हे फार जड जायचं.

श्रावणात एका सकाळी त्यांना लख्ख जाग आली. मिलिंदला बघून म्हणाल्या, "कधी आलास? दांडी आण."

त्याने उठून भिंतीवरची गिटार काढली आणि त्यांच्या हातात दिली. डोळ्याला लावण्याची ताकद नव्हती. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा.

"टोचत नाय," त्या म्हणाल्या. "हिने हितली हवा खाल्लीय. पावसाळाभर हितंच व्हती काय रे ही?"

"होय आई."

"म्हणजे तू पण."

"होय."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग रागावून म्हणाल्या, "मेल्या, मग मला उठवलंस का नाय?"

त्यांनी आपल्या एका हाताच्या खुर्चीत बसायचं म्हटलं; ती वखारीतून घरी आणून ठेवली होती. आम्ही दोघांनी मिळून त्यांना बसवलं. डावा हात खड्ड्यापाशी टेकला. उजवा सवयीने टेकायला गेला, आणि तो खाली पडायच्या आत मिलिंदने आपला हात त्याखाली धरला. दुपारी काकू गेल्या तोवर त्याने तो काढला नाही.