मालकाचं दुखणं

मुलांनो, मीरा डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी माणसांच्या नावांचे आजार पाठ करतेय असं कळलं, म्हणून सोनई गावातल्या आमच्या शेजारणीबद्दल आत्ताच लिहिते.

ही बाई दुखण्याला ते देणाऱ्याचं नाव ठेवते. तिची कंबर सासूबाईंची आणि गुडघा लाथ मारणाऱ्या गायीचा.

यंदा तिचा अंगठा मनगटापाशी सुजला. डॉक्टर म्हणाले, "हा डी क्वेरवेन. भाकरी थापणं थांबवा, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल."

"बाई, ह्यो कोन?" घरी आल्यावर तिनं मला विचारलं.

"स्वित्झर्लंडचे डॉक्टर. त्यांनी हा आजार ओळखला."

"त्यानं माझी एक तरी भाकर खाल्ली का? मंग त्याचं नाव कशापायी? दोन्ही वक्ताला ताजी भाकर कुनाला लागती? हे आमच्या मालकाचं दुखनं!"

तिचे मालक ओट्यावरच बसले होते. संध्याकाळी परात ओढून स्वतः पीठ मळायला बसले.

"अवो, ही भाकर हाय का पायतान?" मनगटाला पट्टा बांधलेली शेजारीण हसत सुटली.

"गुमान खा," मालक म्हणाले. तिनं दोन खाल्ल्या.

ऑपरेशन टळलं, हात बरा झाला. रात्रीच्या भाकरी मात्र अजूनही मालकच थापतात.