बिबट्या मीच सोडला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला मी चोरून खाल्लेली भजीसुद्धा सांगतो. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही तिच्या ओळखीचे नाही म्हणून असेल.

नारायणगावात आरोग्य संशोधनाचं एक ऑफिस आहे, तिथे मी कॉम्प्युटरवर बसतो. सर्वेक्षणाच्या ताया जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांवर घरोघरी जाऊन कुणाला काय होतंय ते लिहून आणतात, आणि मी त्या प्रत्येक दुखण्याला यादीतला ठरलेला कोड देतो. ताप आला, कोड. गुडघा धरला, कोड. आता आमच्याकडे उसात बिबट्या असतोच. म्हणून जुन्या पद्धतीत आम्ही आमच्यापुरता एक घरगुती कोड केला होता — बिबट्या. ज्याला पंजा लागला तोही त्यात, आणि ज्याची भीतीनं झोप उडाली तोही त्यातच. काय वाईट होतं?

मग नवी पद्धत आली. जगभर चालणारी. तिला आमचा बिबट्या चालेना. जखम की भीती — एक काय ते सांगा, म्हणे. म्हणजे एकेक नोंद उघडायची, ताईनं लिहिलेलं वाचायचं आणि मग ठरवायचं. त्या दिवशी मेव्हण्याची हळद होती — पण ते कारण नव्हे, मला कंटाळा आला होता. सगळ्या बिबट्यांना मी एका झटक्यात 'वन्य प्राण्याचा हल्ला' करून टाकलं आणि हळदीत जाऊन मनसोक्त नाचलो.

पुढचं काय सांगू? पारगावकडच्या एका वस्तीत आमच्या अहवालाप्रमाणे जवळजवळ घरटी एक माणूस फाडलेला निघाला. पुण्याहून मोठे डॉक्टर धावत आले, जखमा बघायला. मीही गाडीत होतो — मागच्या सीटवर, शहाण्यासारखा. एका म्हाताऱ्याला त्यांनी सदरा काढायला लावला. त्यानं काढला, वळून पाठही दाखवली आणि विचारलं, "त्यानं धरलं असतं तर मी हितं बसलो असतो व्हय, राव?" मी तोंडावर रुमाल धरून हसलो. खरंच हसलो.

त्या वस्तीची ताई म्हणजे नसीमताई, जुन्नरची. ती दिसली की बायका हातातलं काम टाकून बाहेर यायच्या, नवऱ्याला न सांगितलेली दुखणी तिला सांगायच्या. डॉक्टरांना वाटलं, हिनं घरी बसूनच फॉर्म भरले. ऑफिसात सगळ्यांसमोर तिला उभं केलं. ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमीच सांगा. मी भीतीच लिवली व्हती ना?"

एक बटण दाबलं असतं तर तिनं लिहिलेलं सगळ्यांना दिसलं असतं — अंधार पडल्यावर बाया परसाकडंही जात नाहीत, छाती धडधडते. मला ठाऊक होतं ना? मी म्हणालो, "बघावं लागेल." आणि पाणी प्यायला उठून गेलो.

तिचं काम गेलं. ताई खोटं लिहिते, ही बातमी वस्तीवर पोचायला वेळ लागला नाही. नंतर मी सगळे कोड नीट केले, एकेक नोंद वाचून — तेव्हा मात्र कंटाळा आला नाही. आणि दुरुस्तीच्या कारणाच्या रकान्यात 'क्षेत्रकार्यातील चूक' असं माझ्याच हातानं टाइप केलं. भित्रा म्हणाल? म्हणा.

हल्ली ती मार्केटात टोमॅटो निवडायला असते. परवा भेटली. माझ्यावर राग नाही — कसा असेल, तिला माहीतच नाही. उलट चहाचं विचारलं आणि म्हणाली, "भाऊ, नवं काम निघालं तर माजं नाव सांगा." मी मान हलवली.

काम निघालंय. माणूस सुचवायला साहेबांनी मलाच सांगितलं. पण ती परत आली, की पहिल्याच दिवशी आपली जुनी नोंद बघायला मागेल.

मी दुसरीचं नाव दिलं.