गळका नकाशा

अकोल्याच्या सायबर कॅफेतला तो कॉम्प्युटर-दुरुस्तीवाला रोज सायकलनं माझ्या वावरावरून जायचा. माझ्याकडे नाही, नेमका धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे बघायचा. त्या वर्षी सरकारी मदतीच्या पॅकेजसाठी जमिनी मोजणारे गावोगाव फिरत होते. हा त्यांचाच हेर, अशी माझी खात्री झाली. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असल्यानं तो अर्धं वाक्य बोलायचा, उरलेलं माउसनं वाजवायचा.

एकदा कॅफेत गेलो, तर पडद्यावर माझंच वावर! विहीर, बाभूळ, सगळं.

"गेमचा नकाशा बनवून राहिलो, काकाजी. दोन सॉफ्टवेअर ताडून पायतो. याच्यात धुरा बोटभर सरकवला, का फट पडून नकाशा गळते, गेम चालूच होत नाही. त्याच्यात कितीबी सरकवा, कोणाले पत्ता लागत नाही."

मला असा घाम फुटला, की कॅफेत पूरच यायचा. दर नांगरटीला मी शेजारच्या लतीफभाईचा धुरा नांगराच्या एका ओळीएवढा खातो, हे फक्त माझ्या बैलांना ठाऊक होतं.

खर्रा थुंकून तो म्हणाला, "पयले ही बाभूळ लतीफभाईच्या वावरात होती ना, काकाजी?"

"बाबू," मी म्हणालो, "तू ते दुसरं सॉफ्टवेअर घे. लय चांगलं आहे."