दहा धागे

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरीला नाही. मायच्या, आमच्या देवीच्या, ठाण्यासमोर इतक्यांदा हात जोडले, पण तिथेसुद्धा हा विषय बाजूला सारूनच नमस्कार केला. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि ओळखत असाल तर — असू द्या. ऐका.

आधी बेटाचं सांगते. तेवढाच मला वेळ मिळेल.

गोंदिया जिल्हा वेगळा निघाला त्या साली मी लग्न होऊन इथे आले. भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या काठचं हे गाव. तेव्हा बेट नव्हतं. शेतांच्या पलीकडे एक टेकाड होतं, वर मायचं ठाणं. धान घरात आलं की बायका पायी जाऊन नवस फेडून यायच्या. पुढे नदीवर खाली धरण झालं, पाणी तुंबत तुंबत मागे सरकलं, शेतं बुडाली आणि टेकाडाचं बेट झालं. मग कोणीतरी तिथली संध्याकाळ मोबाईलवर टाकली आणि नागपूरच्या गाड्या सुरू झाल्या. रविवारी घाटावर पाय ठेवायला जागा नाही. बेट तरी केवढं? चार खळी मावतील एवढं. तिथे हजार माणसं, त्यांची पोरं, त्यांचे डबे आणि डबे खाऊन झाल्यावरचा कचरा. एकदा डोंगा कलंडला आणि एक बाई पाण्यात गेली. डोंगेवाल्या डोमाजीनं तिला केसाला धरून वर काढलं.

त्यानंतर गावानं घाटाची समिती केली. बाहेरच्या माणसाला शुल्क. रविवारी आणि सणासुदीला जादा शुल्क, म्हणजे गर्दी जरा आठवडाभर वाटली जाईल. शिवाय दिवसाला दोनशेच माणसं. फक्त आसपासच्या गावांतून नवस फेडायला येणाऱ्याला शुल्क नाही, आणि गिनती भरली असली तरी त्याला परत पाठवायचं नाही. माय आधी त्यांची, मग फोटोवाल्यांची. हा नियम लक्षात ठेवा. मला तो चांगला लक्षात होता.

कागदाची तिकिटं चालेनात. बेटावरून परत येणाऱ्याच्या खिशातून तेच तिकीट दुसऱ्याच्या खिशात जायचं. तेव्हा मी सुचवलं — धागा बांधा. आमचं घर कोष्ट्याचं. दोन मागांपैकी एक बंद पडलेला, साडीच्या काठाचं रंगीत सूत पोत्यात पडून. रोज सकाळी त्यातला एक रंग मी काढायचा, दोनशे तुकडे करायचे, घाटावर बसून एकेकाच्या मनगटाला बांधायचे. गाठ आमची, मागावरची. तुटलेला धागा जोडतात ती. कापल्याशिवाय निघत नाही. आजचा रंग कुठला हे सकाळी आठपर्यंत माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नसे. नवऱ्यालासुद्धा मी पोत्यात हात घालू देत नसे. तो हसायचा, "तुया हातात तं सरकारी खजिनाच देल्ला वो!"

तो हसायचा, पण मला ते काम चढलं होतं — खरं तेच सांगते. कोणावरही विश्वास ठेवायचा नाही, हेच माझं काम झालं. आणि ते मला जमायचं हो! गाडीवर नागपूरचा नंबर आणि तोंडानं म्हणायचं, आम्ही इथल्या बाजूच्या करडीचे. मी विचारायची, करडीचे? मग पोलीस पाटील कोण? की गप्प. एकीनं सहा वर्षांचं पोर तान्हं म्हणून फुकट न्यायला कडेवर घेऊन ओढणीखाली झाकलं होतं, मी ओढणी बाजूला केली. लोक म्हणायचे, वहिनीच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. असं कोणी म्हटलं की मला दिवसभर बरं वाटायचं. तुम्हाला नसतं वाटलं? आयुष्यभर मागाच्या कांड्या भरल्या, माझ्या नजरेला कोणी कधी काही म्हटलं नव्हतं.

पण नजरेची ही सवय घाटावर सोडून घरी येता येत नाही. दूधवाल्यावर संशय, जावेवर संशय. आणि मग — डोमाजीवर.

डोमाजी जातीनं ढिवर. त्याचा डोंगा घाटावर सगळ्यांत जुना. माणूस सगळ्यांशी हसून बोलायचा. मला तेच खटकायला लागलं. इतकं हसण्यासारखं आहे काय? त्यानं घरावर नवे पत्रे घातले — कुठून आले? त्याची पोरगी भंडाऱ्याला कॉलेजात जायला लागली — कशी? संध्याकाळी बेटाकडे पाहिलं की मला तिथे दोनशेपेक्षा जास्त डोकी दिसायची. मोजायला जावं तर सूर्य डोळ्यांवर. पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. हा विनाधाग्याची माणसं नेतो. जादा शुल्क चुकवणाऱ्यांना बाजूच्या झुडपातून उचलतो. मी एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिलं नाही म्हणूनच खात्री जास्त होती; चोर हुशार आहे, एवढाच त्याचा अर्थ मी लावला.

मग मी सापळा लावला.

पौषातला रविवार होता. घाटावर ही गर्दी. एकशेनव्वद धागे बांधून झाले आणि मी मोठ्यानं सांगितलं, "धागे सरले! आता कोनी नाही!" दहा धागे माझ्या कमरेच्या पिशवीत होते. हिरवे. माझा हिशोब सोपा होता — लोक घाटावर ताटकळले की डोमाजीला मोह होणार, आणि एकशेनव्वदाच्या वर एक जरी माणूस बेटावर निघालं, तर ते डोमाजीनं नेलेलं. बेटावर समितीचा राखणदार असायचा. त्याला मी फोन करून सांगितलं, आज प्रत्येकाचं मनगट बघ. डोमाजीचं नाव घेतलं नाही. सापळा लावणारा सांगत नाही.

तासाभरानं ती बाई आली.

साठीच्या पुढची, एकटी. पाय अनवाणी, चपला काखेला मारलेल्या, जुन्या बायका घाटावर उतरताना मारतात तशा. पिशवीत नवं लुगडं, खण, नारळ, आणि फडक्यात बांधलेले नवे तांदूळ. आसगावकडची. सुनेची दोन बाळं गेली होती, तिसरं जगलं. बारसं दुसऱ्या दिवशी. त्याच्या आधी मायला लुगडं नेसवायचा नवस बोलली होती. हे सगळं तिनं मी न विचारताच सांगितलं. आणि मग हात पुढे केला.

इथे मला वाटत होतं तुम्हाला सांगावं की मला ती खोटी वाटली. इतक्या खोट्या माणसांत एक खरी कशी ओळखणार? असं म्हटलं असतं तर तुम्ही मान हलवली असती. पण नाही. मी तिला ओळखलं. पोलीस पाटलाचं नाव विचारायची गरज पडली नाही. तिच्या हाताला नुकत्या झोडलेल्या धानाचा वास होता. मला पूर्ण ठाऊक होतं की ही खरी आहे, हिला परत पाठवायचं नाही, आणि दहा धागे माझ्या कमरेला आहेत.

पण एक धागा काढला की धागे सरले हे खोटं ठरणार. मागे उभी असलेली पंधरा-वीस माणसं ओरडणार, सगळे धागे बाहेर निघणार, आणि माझा सापळा — तो वाया जाणार. म्हणून मी तिला म्हटलं, "सरले वो मावशी. उद्या या."

"उद्या कशी येऊ वो माय? उद्या तं बारसं हाये."

मी मान फिरवली. ती पायरीवर थोडा वेळ बसून राहिली. नंतर पाहिलं तर पायरीवर नव्हती. डोमाजीच्या डोंग्यात होती.

तुम्हाला माहीत आहे मला काय वाटलं? आनंद झाला. खरंच सांगते, अंगावर काटा यावा असा आनंद. सापडला!

राखणदारानं पाहिलं, विनाधाग्याची एक म्हातारी, डोमाजीनं आणलेली. तिनं मायला लुगडं नेसवलं. परतताना डोमाजीनं तिला आमच्या घाटावर आणलंच नाही, खालच्या घाटावर सोडलं. तिथून आसगावची गाडी जवळ पडते. मला तर हाच मोठा पुरावा वाटला. लपवायचं नसतं तर इकडे आणली असती ना? तिची गाडी चुकेल, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. तसले विचार तेव्हा माझ्या डोक्यात येतच नसत.

समिती दोन दिवसांनी बसली, ग्रामपंचायतीच्या ओसरीवर. डोमाजीनं सरळ सांगितलं. बाई नवसाची होती, वहिनीनं धागे सरले म्हणून वापस धाडली, ती रडत होती, मी फुकट नेली. "देवाचं मानूस. मी कसा नाही मनू?"

अध्यक्षांनी मला विचारलं, "वहिनी, अशी कोनी बाई आलती काय तुमच्याकडं?"

आता हो म्हटलं की पुढचे प्रश्न मला दिसत होते. नवसाच्या बाईला परत का पाठवलं? नियम माहीत नव्हता? आणि धागे खरंच सरले होते, तर दिवसाचं शुल्क दहा माणसांनी कमी कसं? सगळी ओसरी माझ्याकडे पाहत होती. वहिनीच्या नजरेतून मुंगी सुटत नाही — तीच सगळी माणसं.

मी म्हटलं, "नाही. अशी कोनी बाई आली नाही."

एवढंच वाक्य. डोमाजीनं माझ्याकडे पाहिलं. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो नुसता गोंधळला, बाजारात ओळखीच्या माणसानं ओळख दिली नाही की गोंधळतो तसा. बाईचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. आसगावकडची, एवढंच. आसगावला जाऊन विचारावं असं कोणाला वाटलं नाही. कशाला वाटेल? मी नाही म्हटलं होतं. त्याचा डोंगा घाटावरून बंद केला. दहा धाग्यांचं मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, पिशवीच्या शिवणीत अडकून राहिले होते. सगळे हसले. माझ्यावर संशय घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

डोमाजीनं पावसाळ्याआधी डोंगा विकला. पोरगी कॉलेज सोडून घरी आली. तो आता दुसऱ्याच्या ठेक्याच्या तलावावर जाळी ओढायला जातो, मजुरीनं. एकदा बाजारात समोरासमोर आलो. मी रस्ता बदलणार तेवढ्यात तोच म्हणाला, "तुमी तं रोज दोनशे हात पायता वहिनी. एखादी बाई नाही आठवली, तं त्याच्यात तुमचा काय दोष?" आणि हसला. तेच हसू. किती महिने मी त्या हसण्यात काहीतरी शोधत होते, आणि त्यात काहीच नव्हतं.

इथे थांबले असते तरी कबुली पुरेशी झाली असती, नाही? पण अजून आहे. आणि जे उरलं आहे ते जास्त वाईट आहे.

पुढच्या साली ती बाई परत आली. याच घाटावर. सोबत सून, सुनेच्या कडेवर वर्षाचं बाळ, गुटगुटीत, कपाळाला काजळाचा टिळा. मला पाहून तिला कोण आनंद! गेल्या वर्षीचं तिच्या मनात काहीच नव्हतं. आधी तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "तो डोंगेवाला भाऊ कुठं हाये वो? त्याच्या हातून बाळाले डोंग्यात बसवाचं हाये मले."

अध्यक्ष माझ्यापासून दहा पावलांवर खुर्ची टाकून बसले होते. पेपर वाचत होते. मी नुसती हाक मारायची होती. बाई पुढे उभी होती, जिवंत, बोलती, नाव-गाव सांगू शकणारी. डोमाजीला त्याच संध्याकाळी घाट परत मिळाला असता.

मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, "तो आता नागपूरले रायते."

मग मी घाई केली. तिघांना धागे बांधले — बाळालासुद्धा — आणि पहिल्याच डोंग्यात बसवून पाठवलं. अध्यक्षांनी मान वर केली नाही. परतताना ती पुन्हा माझ्याजवळ आली. दोन पुड्या दिल्या, गूळ-खोबऱ्याच्या. एक मला, एक भावासाठी. कधी भेटला तर द्या म्हणाली. मी हो म्हटलं. दोन्ही पुड्या घरी आणल्या आणि दोन्ही आम्ही खाल्ल्या. नवरा म्हणाला खोबरं चांगलं आहे.

तिचं नाव मी तेव्हाही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते माझ्याजवळ राहिलं असतं.

आता घाटावर धागे नाहीत. मशीन आलं आहे, पावती मोबाईलवर येते, जादा शुल्क आपोआप कापलं जातं. माझं काम संपलं तेव्हा समितीनं मला शाल दिली. डोमाजीचं घर आमच्या घरापासून सात घरं सोडून आहे. ओसरीवरची तीच माणसं अजून ओसरीवर बसतात. मला विचारलेला प्रश्न मला शब्दनशब्द आठवतो, आणि त्याचं उत्तरही — जे तिथे द्यायचं होतं, आमच्या बोलीत, सगळ्यांसमोर, डोमाजीच्या तोंडाकडे पाहून. इथे लिहून ठेवते.

हो, ते बाई आलती. खरी होती, मले मालूम होतं. मी तिले वापस धाडलं.