टोपीवाला हेर आणि माझा हुंकार

भोकरदनच्या बाजूला आमच्या शेतात बियाण्याची कपाशी असते. तिचं क्रॉसिंग, म्हणजे एका जातीचं फूल दुसरीवर घासणं, हातानं करावं लागतं. दुपारी कळ्या सोलून त्यांवर लाल कागदाची खूण ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती खूण शोधून नर फूल घासायचं. हात आणि डोळे गुंततात, कान रिकामे राहतात. त्या कानांत गोष्ट घालायचं काम पंचवीस वर्षं माझ्याकडं होतं. मी चौथी शिकलेली, पण माझ्या शेजारची सरी मिळावी म्हणून बायका भांडायच्या.

आमच्याकडं गोष्टीला हुंकार लागतो. सांगणारी थांबली की ऐकणारीनं 'हूं' म्हणायचं. तो एकीनंच द्यायचा, दोघींनी दिला तर सांगणारी गडबडते. हुंकार आला नाही तर गोष्ट तिथंच सोडायची, मग राजा विहिरीत लटकत राहिला तरी चालेल.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जाऊच्या घरी नवा टीव्ही आला. त्यावर संध्याकाळी एक परदेशी मालिका लागायची. माणसं गोरी, बोलणं हिंदीत. घोडे, धुरळा, आगगाडी, आणि मोठ्या टोपीचा एक सरकारी हेर. जाऊ ते बघायची आणि सकाळी शेतात बायकांच्या ओळीत सांगायची. चार दिवसांत सगळ्या बायका तिच्या सरीकडं सरकल्या. माझ्या बाजूला एक बहिरी म्हातारी उरली.

सगळ्यांत मोठी म्हणून तिला हुंकार मी द्यायला हवा होता. मी तोंड मिटून फुलं घासत राहिले. जाऊ थांबली, माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात मागून दुसरीनं 'हूं' म्हटलं आणि गोष्ट पुढं गेली. माझ्यावाचून काहीच अडलं नाही. त्या दिवशी मला भाकरी गेली नाही. आजारी नव्हते, जळत होते.

मग मी तिच्या घरी जाऊन ती मालिका बघितली. ऐकायला नाही, खोट काढायला.

"या की जाऊबाई, खुर्चीवर बसा," ती म्हणाली.

"दारात बरीय मी," मी म्हटलं.

पाच दिवस संध्याकाळी बघितलं आणि माझ्या लक्षात आलं, की रोज तेच आहे. हेर पकडला जातो. दुष्टाच्या हातात बंदूक असते, पण तो गोळी घालत नाही, हेराला खुर्चीला बांधतो आणि आपला सगळा बेत सांगत बसतो. आमच्या गावात वैरी हाती लागला तर आधी कानफटात बसते, भाषण नंतर. मग हेराचा जोडीदार खोटी दाढी लावून येतो. आपण त्याला लगेच ओळखतो, दुष्टाच्या माणसांना काही कळत नाही. दुष्टाच्या घरातली एक देखणी बाई ऐन वेळी हेराच्या बाजूला जाते. हेराच्या बुटाच्या टाचेतून पातं निघतं. दोरी तुटणार एवढ्यात साबणाची जाहिरात येते. शेवटी दोघं मित्र आगगाडीत बसून हसतात. दुसऱ्या दिवशी बाई नवी असते, कालचीचं नावही कोणी काढत नाही.

सहाव्या सकाळी जाऊ रंगात आली होती. "मंग त्याला असा बांधला, अन् खाली बारुदाची पेटी. वात जळून राह्यली..."

"आता दाढीवाला येईल," मी मधेच मोठ्यानं म्हटलं. "तो त्याचा दोस्तच. टाचेतून चाकू निघंल. ती बाई दार उघडंल. पेटी बाहेर फुटंल, अन् दोघं गाडीत बसून दात काढतील. झाली गोष्ट."

जाऊनं मान खाली घालून पुढचं फूल धरलं. सगळं बरोबर होतं, एक शब्द चुकला नव्हता.

मला वाटलं होतं बायका हसतील. ओळीतली शेजारघरची एक पोरसवदा सून म्हणाली, "आजी, कशाला सांगितलं हो? मजाच घालवली."

"रोज तेच असतं गं ते."

"असू द्या की. आमाला काय म्हाईत न्हाई व्हय?"

त्यानंतर तीन दिवस ओळीत गोष्ट नव्हती. लाल कागद शोधताना बायका जांभया देत होत्या, खुणा सुटत होत्या. चौथ्या दिवशी त्याच सुनेनं मला म्हटलं, "मंग तुमीच सांगा आता."

मी आवडती-नावडतीची गोष्ट काढली. दोन वाक्यं बोलले आणि ध्यानात आलं, हीही तशीच. या गोष्टीत नावडतीला गोठ्यात टाकतात, एक म्हातारी येते, ती म्हातारी खरी कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं, राजाला तेवढं ठाऊक नसतं. शेवटी नावडती राणी होते. दर वर्षी होते. माझी जाऊ लग्न होऊन आली तेव्हापासून हीच गोष्ट ऐकत आली होती. तिनं एका दमात सगळी सांगून टाकली असती तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि तिला तसा हक्क होता.

नावडती गोठ्यात गेली. मी थांबले. जाऊ शेजारच्याच सरीत होती, हातातलं फूल तिनं खाली केलं. मी मनात म्हटलं, आता शेवट सांगते ही.

"हूं," ती म्हणाली.

पुढं म्हातारी आली. मी मुद्दाम जास्त वेळ थांबले. "हूं, मंग? कोण व्हती ती?" जाऊनं असं विचारलं, की जणू जन्मात ऐकलं नव्हतं. बायका माझ्याकडं सरकल्या.

गोष्ट शेवटाला गेली, नावडती राणी झाली. सगळ्या खूश. मी नव्हते. तसा हुंकार मला पाच दिवसांत एकदाही देता आला नव्हता, आणि तिनं तो फुकट दिला. टीव्हीपेक्षा मला त्याचाच जास्त हेवा वाटला. अजून वाटतो.

सरी संपल्यावर मी तिला म्हटलं, "उद्या तुझ्या टोपीवाल्याचं सांग."

"अन् तुमी?"

"मी हूं म्हणंन," मी म्हटलं. "पण सावकाश सांग. तू लई घाई करती."