आईची सवत

आज सकाळी मुलुंडच्या आमच्या गॅलरीत दोन बुलबुल आले आणि कुंतीची लालभडक फळं खाऊ लागले. थंडी पडली की हे झाड असं नटतं. तो लाल रंग बघून मला आमच्या जुन्या चाळीतली एक दुपार आठवली.

बाबा कणकवलीला गावी गेले होते. तिथून निघायच्या दोन दिवस आधी त्यांनी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला, "कुंतीला घेऊन येतोय. आता ती आपल्याकडेच राहील."

ही कुंती कोण, ते आईला ठाऊक नव्हतं. ती दोन दिवस घुम्यासारखी वावरली. तरी त्या दुपारी तिने भाताला मूठभर तांदूळ जास्त घेतले आणि पाहुणीला पाय धुवायला दारात पाण्याचा तांब्या ठेवला.

बाबा आले ते एकटेच.

"कुठाय ती?" आईने विचारलं.

"ही काय!" बाबांनी बिस्किटांचा डबा पुढे केला. त्यात वीतभर रोप होतं. "आपल्या परसातली कुंती. थंडीत लाल फळं धरते, पाखरं येतात."

आई बघतच राहिली. मग तिने तो तांब्या उचलून रोपाच्या मुळाशी रिकामा केला. "या सवतबाई," म्हणाली आणि इतकी हसली की शेजारची दारं उघडली.

तेव्हा मला त्याची नुसती गंमत वाटली. ते हसणं सुटकेचंही होतं, हे माझ्या लग्नानंतर कळलं.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. बुलबुलांचा फोटो काढायला मी पुढे झाले, तोच आईने हात धरला.

"हळू गं! सवतीकडे माहेरची माणसं आलीत."